टाकी भरली, चिप ठरेना

‘कुठला मायक्रोकंट्रोलर घेऊ?’ हा प्रश्न चार जाणकारांत विचारू नये. त्याचं उत्तर मिळत नाही. कोण कोणत्या साली कॉलेजातून बाहेर पडला, एवढं मात्र बिनचूक कळतं. ८०५१ सुचवणाऱ्याचे गुडघे दुखत असतात. पिक सुचवणाऱ्याचा भोसरीत नाहीतर सातपूरला छोटा कारखाना असतो. आर्डुइनो म्हणणाऱ्याचं पोर नुकतंच शाळेत जायला लागलेलं असतं, आणि ईएसपी३२ म्हणणारा स्वतःच अजून बापाच्या पैशानं मोबाइल रिचार्ज करतो. माणूस विशीत ज्या चिपवर पहिला एलईडी लुकलुकवतो, तिच्यावर त्याचा जीव जडतो तो कायमचा. पुढे तो तिची डेटाशीट विसरतो, पण तिची बाजू घ्यायला विसरत नाही.

माझी याबद्दल खात्री पटली ती आमच्या सोसायटीच्या टाकीमुळे. सकाळी महापालिकेचं पाणी खालच्या टाकीत येतं, मोटार ते गच्चीवर चढवते, आणि मोटार बंद करणारे वॉचमन मामा नेमके चहाला गेलेले असले की वरून धबधबा सुटतो तो थेट बी विंगच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. टाकी भरली की मोटार आपोआप बंद व्हावी, असा ठराव सर्वसाधारण सभेत आला आणि एकमतानं मंजूर झाला. मग सेक्रेटरींनी विचारलं, “पण त्यात घालायचं काय?” एकमत तिथे संपलं.

तिसऱ्या मजल्यावरचे सर पॉलिटेक्निकात शिकवत असत. ते उठलेसुद्धा नाहीत, बसल्या जागेवरून म्हणाले, “एटीएटीनाइन एस फिफ्टीटू. चाळीस पाय, चार पोर्ट, त्यांच्या बत्तीस पिना. टाकीला आणखी काय लागतं?” ही चिप ८०५१च्या घराण्यातली. मूळ ८०५१ इंटेलनं १९८० साली आणला. आत ४ किलोबाइट रॉम आणि १२८ बाइट रॅम. १२८ बाइट म्हणजे किती ते सोसायटीच्या भाषेत सांगतो. आजच्या संगणकात देवनागरीची प्रत्येक खूण, म्हणजे अक्षर वेगळं, काना वेगळा, अनुस्वार वेगळा, ३-३ बाइट खाते. या हिशोबानं ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की टाकीचे पाणी’ एवढी नोटीस त्या रॅममध्ये मावते. पुढे पाण्याचं काय झालं ते लिहायला जागा उरत नाही. पण सरांच्या विद्यार्थ्यांनी एवढ्याशा रॅममध्ये लिफ्ट चालवली, चौकातले सिग्नल चालवले, वॉशिंग मशीन चालवलं. सगळं थर्माकोलचं होतं, ही गोष्ट वेगळी.

त्या पिढीच्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला मध्यरात्री उठवून ‘क्रिस्टल किती?’ म्हणून विचारा. तो ‘अकरा पॉइंट शून्य पाच नऊ दोन’ असं सांगून कूस बदलेल. या विचित्र आकड्यामागे खरोखर अक्कल आहे. ८०५१ला एक मशीन सायकल पुरी करायला घड्याळाचे १२ ठोके लागतात. ११.०५९२ मेगाहर्ट्झला १२ने भागा, मग ३२ने भागा, येतात २८,८००. त्याला ३ने भागलं की ९,६००, म्हणजे सिरियल पोर्टचा नेहमीचा वेग, बाकी शून्य. सरळ १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावलात तर हे गणित साडेआठ टक्क्यांनी चुकतं आणि पडद्यावर भुताटकीची अक्षरं उमटतात. सर हे सगळं सभेला समजावू लागले तेव्हा खजिनदारांनी जांभई दिली. सरांनी सवयीनं समोरच्या सर्वांत तरुण चेहऱ्याकडे बोट केलं. “पोर्ट झीरोला बाहेरून पुल-अप का लावतात, सांग.” तो बिचारा पहिल्या मजल्यावरचा सीए होता.

“आमच्याकडे पिक चालतो,” असं म्हणून भोसरीवाले काका गप्प बसले. त्यांच्या बाजूनं मीच दोन शब्द बोलतो. पिक मुळात जनरल इन्स्ट्रुमेंट कंपनीचा, १९७०च्या दशकातला. मायक्रोचिप कंपनी पुढे तिच्यातूनच वेगळी निघाली. काकांच्या पॅनेलांत असतो त्या १६एफ८७७ए या पिकला अवघ्या ३५ सूचना येतात. कारखानदाराला मात्र सूचनांच्या संख्येशी कर्तव्य नसतं. मायक्रोचिपचं धोरण असं की गिऱ्हाईक घेतंय तोवर चिप बंद करायची नाही. ज्याला पंधरा वर्षांपूर्वी विकलेल्या पॅनेलच्या दुरुस्तीसाठी आजही फोन येतो, त्याला मेगाहर्ट्झपेक्षा हे वाक्य गोड लागतं. २०१६ साली याच मायक्रोचिपनं एव्हीआर बनवणारी अ‍ॅटमेल विकत घेतली, आणि ‘पिक की एव्हीआर’ म्हणून वर्षानुवर्षं भांडलेल्या दोन्ही पक्षांचे पैसे एकाच गल्ल्यात जमा होऊ लागले. भांडण अजून चालू आहे. सरांची लाडकी चिपसुद्धा अ‍ॅटमेलचीच, हे मी सभेत सांगितलं नाही. वयाचा मान ठेवावा लागतो.

आर्डुइनोची बाजू चौथ्या मजल्यावरच्या आयटीवाल्यांनी लढवली. हा बोर्ड २००५ साली इटलीतल्या ईव्रेआ गावात जन्मला. नाव पडलं ते तिथल्या एका बारवरून, आणि बारला ते मिळालं हजार वर्षांपूर्वीच्या तिथल्या राजावरून. तो बनवला होता डिझाइन शिकणाऱ्या मुलांसाठी, ज्यांना पोर्ट झीरोचं सुखदुःख नाही. सरांचा राग नेमका तिथे.

“यात शिकायचं काय राहिलं? डिजिटल-राइट लिहिलं की झालं.”

“पण सर, झालं हेच पाहिजे ना?”

यावर सरांनी पाणी मागवलं.

आर्डुइनो ऊनोवर एटीमेगा ३२८पी ही चिप असते. १६ मेगाहर्ट्झ, ३२ किलोबाइट फ्लॅश, २ किलोबाइट रॅम. टाकीच्या मानानं चंगळच. त्याचं दुखणं कळतं ते बॅटरीवर चालवताना. नुसता बसून राहिला तरी ऊनो ४५-५० मिलिअँपिअर ओढतो, आणि ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीत असतात जेमतेम ५०० मिलिअँपिअर-तास. रात्री झोपताना जोडा, दूध येईपर्यंत कारभार आटोपलेला असतो. गंमत म्हणजे यात चिपचा दोष थोडाच. तीच चिप बोर्डावरून उपटून एकटी झोपवली तर मायक्रोअँपिअरवर भागवते. खरी खादाड मंडळी म्हणजे भोवतालचा रेग्युलेटर, यूएसबीची चिप आणि ‘मी चालू आहे’ एवढंच सांगण्याकरता रात्रंदिवस जळणारा एलईडी. चिप निवडताना आपण मेगाहर्ट्झ मोजतो आणि वीज खातो बोर्ड. दुकानदार हे सांगत नाही, कारण बॅटऱ्याही तोच विकतो.

तेवढ्यात सेक्रेटरींचा पुतण्या बोलला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. “पण काका, मोबाइलवर मेसेज नको का? टाकी भरली की ग्रुपवर ‘टाकी भरली’!”

सभेत चैतन्य पसरलं. मोटार बंद होणं ही सोय होती. मेसेज येणं ही प्रतिष्ठा. आणि मेसेज म्हणजे वायफाय, वायफाय म्हणजे ईएसपी३२. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीनं २०१६ साली आणलेली चिप: दोन कोअर, २४० मेगाहर्ट्झ, ५२० किलोबाइट रॅम, वर ब्लूटूथ. सरांच्या ८०५१पेक्षा रॅम चार हजार पटींहून जास्त. कोथिंबिरीची जुडी आणायला टेम्पो काढण्यातला प्रकार आहे हे कबूल, पण या बाजारात टेम्पो सायकलपेक्षा स्वस्त मिळतो. इटलीचा अस्सल ऊनो घ्याल तेवढ्या पैशात ईएसपी३२चे तीन-चार बोर्ड सहज येतात. अशा वेळी ‘कामापुरतंच घ्यावं’ ही मध्यमवर्गीय शिकवण कुठे चालवायची?

वायफाय कोणाचं, या प्रश्नावर मात्र सभा पुन्हा थंडावली. देणगी द्यायला लोक तयार असतात, पासवर्ड द्यायला नाही. शेवटी गच्चीखालच्या फ्लॅटवाल्यांनी मोठं मन करून दिला, तो ५ गिगाहर्ट्झचा. ईएसपी३२ला फक्त २.४ गिगाहर्ट्झ दिसतं. पुढे बोर्ड आणल्यावर पुतण्या दोन संध्याकाळी गच्चीवर बसून बोर्डाला जे नेटवर्क दिसणंच शक्य नव्हतं ते दाखवत होता.

हिंजवडीत गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहिणारे एक गृहस्थ ‘प्रोफेशनल लोक एसटीएम३२ वापरतात’ एवढंच म्हणाले. त्यांचं खरं आहे. पण एसटीएम३२एफ१०३च्या संदर्भपुस्तिकेला हजाराहून जास्त पानं आहेत, आणि त्या चिपवर एक दिवा लावायचा तर आधी त्या पोर्टचं घड्याळ चालू करण्याची परवानगी वेगळ्या रजिस्टरमधून मिळवावी लागते. ती विसरलात तर चूक दाखवणारा संदेशही येत नाही. दिवा नुसता लागत नाही. एका देशाभिमानी सभासदांनी स्वदेशी चिपच नाही का, असं विचारलं. आहे. सी-डॅकची तेजस३२, रिस्क-फाइव्ह पद्धतीची, तिच्यावरचा एरीज बोर्ड आर्डुइनोच्याच सॉफ्टवेअरमधून चालतो. सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात आहे हे ऐकून सभासदांचा ऊर भरून आला, पण ती चिप तिरुवनंतपुरमच्या केंद्रात घडली हे कळल्यावर त्यांनी विषय सोडून दिला. खजिनदारांनी कुठेतरी वाचलं होतं की दहा अमेरिकी सेंटला एक मायक्रोकंट्रोलर मिळतो. मिळतो: सीएच३२व्ही००३, ४८ मेगाहर्ट्झचा. “मग तोच घ्या की!” असं ते म्हणाले, आणि गच्चीपासून मोटारीपर्यंतच्या केबलचं कोटेशन बघून मटकन बसले. अख्ख्या पॅनेलात चिपइतकी स्वस्त वस्तू दुसरी नसते. केबल, काँटॅक्टर आणि डबा यांच्यापुढे तिची किंमत पानसुपारीएवढी. तरी चर्चा तिच्यावरच होते, कारण केबलवर मत असायला कोणी पुस्तक वाचलेलं नसतं.

अखेर आम्ही बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. (मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोड समजावं.) एवढं तुलनात्मक अध्ययन करून आलेल्या माणसाला तिथला काउंटर एका प्रश्नात जमिनीवर आणतो.

“ऊनो आहे का?”

“ओरिजिनल पाहिजे का चालणारा?”

यातला विनोद दुकानदाराला कळत नव्हता, कारण त्याच्या लेखी तो विनोद नव्हता. आर्डुइनोचे नकाशे सगळ्यांसाठी खुले आहेत. तसा बोर्ड कोणीही बनवावा, फक्त नाव लावू नये. त्यामुळे ‘चालणारा’ हा कायदेशीर प्राणी आहे. त्याच्यावर यूएसबीसाठी बहुधा सीएच३४० ही स्वस्त चिप असते आणि दुकानदार तोंडी वॉरंटी देतो ती अशी: “ड्रायव्हर टाकून घ्या, चालतो.”

“आणि ब्लू पिल? एसटीएमची?”

“आहे ना. पण आत चिप कोणती ते लावल्यावर कळेल, दादा.”

हेही खोटं नाही. त्या निळ्या बोर्डांवर एसटीएमच्या नावाखाली भलत्याच कंपन्यांच्या नकला सापडतात. काही गुणी निघतात, काही प्रोग्रॅम टाकतानाच हात वर करतात. आणि २०२१च्या चिपटंचाईत अस्सल एसटीएम३२ची किंमत अनेक पटींनी चढली, तेव्हा डेटाशीट तोंडपाठ असलेले लोकही ‘जे मिळेल ते’ म्हणू लागले होते. निवडीचे निकष आपण रकाने आखून मांडतो. निम्मा निकाल दुकानदाराच्या मागच्या फळीवर लागलेला असतो. आम्ही ईएसपी३२ घेतला. पुढेच ठेवलेला होता.

बसवल्यावर मौज सुरू झाली. टाकी काठोकाठ भरलेली असताना लाइट जाऊन आली की बोर्ड बेपत्ता. मोबाइलवर टाकी नाहीच. पुतण्या संध्याकाळी कॉलेजातून येऊन वर चढेपर्यंत पाणी उतरलेलं असे आणि बोर्ड हसतमुखानं चालू. दवाखान्याच्या दारात ताप उतरावा तसं दररोज. वास्तुदोषापर्यंत चर्चा गेली होती. कारण असं निघालं, की फ्लोट स्विचची तार पुतण्यानं १२ नंबरच्या पिनेला जोडली होती, का, तर ती कडेला होती आणि तार तिथवर पोचत होती. ईएसपी३२च्या काही पिना अशा आहेत की चिप जागी होताना त्यांच्याकडे बघून स्वतःची व्यवस्था ठरवते. १२ नंबर त्यांतली. उठताना ती पिन वर ओढलेली दिसली, की चिप समजते आपली फ्लॅश मेमरी १.८ व्होल्टची आहे. आमची होती ३.३ची. मग मेमरी वाचता येत नाही, चिप दचकून रीसेट होते, पुन्हा उठते, पुन्हा तेच. टाकी भरली की फ्लोट पिनेवर ३.३ व्होल्ट देणार. म्हणजे टाकी भरलेली असेतो बोर्ड बेशुद्ध, आणि पाणी उतरलं की आपोआप शुद्धीवर. दोष चिपचा नाही. डेटाशीटमध्ये हे स्वच्छ लिहिलेलं आहे. तार १३ नंबरला नेली, रोग बरा झाला.

“८०५१ला असली थेरं नव्हती,” सर समाधानानं म्हणाले.

भोसरीवाले काका बऱ्याच दिवसांनी बोलले. “सर, ईए पिन कधी मोकळी ठेवली होती का?”

सर हसले. ८०५१ची ३१ नंबरची पिन व्होल्टेजला बांधली नाही तर तो आतला प्रोग्रॅम सोडून बाहेरच्या मेमरीत शोधाशोध करत बसतो, आणि या पायी किती सबमिशनं बुडाली ते सरांइतकं कोणाला ठाऊक असणार.

तरी मोटार मध्येच उचक्या द्यायची. काँटॅक्टर ‘खट्’ करून ओढला गेला की त्याच्या कॉइलचा झटका तारांतून बोर्डापर्यंत यायचा, बोर्ड रीसेट, रिले सुटला, मोटार बंद; बोर्ड उठला, टाकी रिकामी दिसली, मोटार चालू, पुन्हा खट्. याला सगळ्या चिपवाल्यांनी आपापली चिप सुचवली. सोसायटीच्या वायरमननं काँटॅक्टरच्या कॉइलवर स्नबर लावला, म्हणजे एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर, आणि सिग्नलची तार मोटारीच्या केबलपासून वेगळी काढली. रीसेट थांबला. त्याला २४० मेगाहर्ट्झ म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

मग वॉचमन मामांनी एक प्रश्न विचारला. तोवर तो सभेत, ग्रुपवर, दुकानात कोणीच विचारला नव्हता. “साहेब, हे बिघडलं तर मोटार हातानं चालू करता येईल ना?”

येत नव्हती.

आता व्यवस्था अशी आहे. मोटार चालवतात वरचा-खालचा मिळून दोन फ्लोट स्विच आणि काँटॅक्टर. त्यात कोडची एक ओळ नाही. शेजारी हाताचा स्विच आहे, त्यावर मामांनी लाल रंग दिलाय. ईएसपी३२ मोटारीला हात लावत नाही; तो नुसता बघतो आणि ग्रुपवर ‘टाकी भरली’ म्हणून टाकतो. त्याला रोज अकरा जण नमस्काराचे हात पाठवतात.

तुम्हाला चिप निवडायचीच असेल, तर आधी वीज कुठून येणार, सेन्सर ५ व्होल्टचा की ३.३चा, आणि बिघडल्यावर उघडणार कोण, हे तीन प्रश्न कागदावर लिहा. घरात एकट्यानं शिकायचं असेल तर ‘चालणारा’ ऊनो घ्या, वायफाय हवंच असेल तर ईएसपी३२, आणि माल विकून दहा वर्षं दुरुस्ती द्यायची असेल तर भोसरीवाल्या काकांना विचारा. ओळखीचा कोणी ज्या बोर्डावर काम करतो तो बोर्ड बाकी सगळ्यांपेक्षा सरस समजा, कारण रात्री अकराला डेटाशीट फोन उचलत नाही. आणि काहीही घेतलंत तरी दोन घ्या. पहिला उडतो.